चालकाची तक्रार

माझे भाऊजी वजनकाटे तपासतात. सरकारी नोकरी, सत्तावीस वर्षं झाली. किराणा दुकानातल्या काट्यात चिमूटभर फरक निघाला तरी ते दुकानदाराला घाम फोडतात, काट्याला शिशाचं सील ठोकतात आणि पुढच्या वर्षी ते सील जरा जरी हललेलं दिसलं तर त्याची अशी झाडाझडती घेतात की बिचारा स्वतःच्या वजनाबद्दलही शंका घ्यायला लागतो. असा हा काटेकोर माणूस स्वतःच्या गाडीची ताकद मात्र सीटवर बसून, अंदाजाने मोजतो. "बसलं की कळतं," म्हणतात. हेच वाक्य एखाद्या दुकानदाराने त्यांना ऐकवलं असतं तर दुपारच्या आत त्याच्या दुकानाला टाळं लागलं असतं.

भाऊजी दर रविवारी गाडीचा कॉम्प्युटर रीसेट करायचे. नाश्ता झाला की बनियनवर खाली उतरायचे. बॉनेट उघडायचे, दहाचा पाना घेऊन बॅटरीची आधी काळी आणि मग लाल वायर सोडवायचे, दोन्ही टोकं एकमेकींना लावून वर चिंधी बांधायचे, "आत उरलेली वीज निथळून जावी म्हणून". मग शेजारी खुर्ची टाकून अर्धा तास पेपर. पेपर संपला की वायरी परत जोडायच्या, किल्ली फिरवायची, डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकायचा आणि वर गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या बहिणीला अंगठा दाखवायचा. झाली नऊ वर्षांची गाडी नवी कोरी.

हे ज्ञान त्यांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून मिळालं होतं. त्यात उलटी टोपी घातलेला एक माणूस सांगतो, की इंजिनच्या कॉम्प्युटरच्या डोक्यात कचरा साठतो आणि तो काढला की दडलेली पॉवर बाहेर येते. भाऊजींनी तो व्हिडिओ मला तीनदा पाठवला. मी तीनदा उत्तर दिलं नाही, आणि त्यांनी ती माझी संमती समजली.

मी गाड्या दुरुस्त करते, तेव्हा काय ते सरळ सांगून टाकते. इंजिनचा कॉम्प्युटर चालता चालता शिकत असतो. हे इंजिन किती झिजलंय, हवा किती ओढतंय, पेट्रोल किती दिलं म्हणजे नीट जळतं, याची तो आपल्यापुरती टिपणं ठेवतो आणि त्याप्रमाणे वागतो. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ती टिपणं पुसली जातात. मग तो कारखान्यातून आल्या दिवशीसारखा चाचपडतो, दोनेक दिवस गाडी उभी असताना इंजिन थोडं जास्त घुमतं, आणि शे-दीडशे किलोमीटरमध्ये स्वारी पुन्हा तिथेच येऊन बसते जिथे शनिवारी होती. एखादा भाग नवा बसवला असेल तर जुनी टिपणं पुसण्यात अर्थ आहे. काही न बदलता नुसतीच पुसली तर हातात काय पडतं? घड्याळ बारावर जातं आणि रेडिओची स्टेशनं उडतात. पण ते उभ्या उभ्या घुमणं भाऊजींना घोड्याच्या फुरफुरण्यासारखं वाटायचं, त्याला मी काय करणार?

गॅरेज खरं तर उस्तादांचं. त्यांना सत्तरी उलटून गेली, कानाने कमी ऐकू येतं, आणि ते दारापाशी स्टुलावर बसून कुणीही न मागितलेले जुने कार्बोरेटर साफ करत असतात. कॉम्प्युटरवाल्या गाड्या माझ्याकडे असतात. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारतं, "मेकॅनिक कुठे गेलाय?" मी म्हणते, "हात धुतेय." एवढ्या वर्षांत एकानेही मला पहिल्या फटक्यात मेकॅनिक समजलेलं नाही, आणि याचा मला दर वेळी तितकाच राग येतो.

उस्तादांचा एकच कडक नियम आहे. प्रत्येक गाडीचं कार्ड भरायचं. त्यात पहिला रकाना असतो 'चालकाची तक्रार'. तो चालकाला विचारून, चालकाच्याच शब्दांत भरायचा. "तुमची अक्कल दुसऱ्या रकान्यात," असं उस्ताद शिकवायला लागले त्या दिवशीच म्हणाले होते.

आता ताई. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, घरोघरी जाणारी नर्स. कुणाची जखम धुऊन पट्टी बदलायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुठे आठ दिवसांच्या बाळाचं वजन करायचं. दिवसाला नऊ-दहा घरं. गाडी म्हटली तर दोघांची, पण चालवायची ताईच. भाऊजी ऑफिसच्या जीपने बाजार फिरायचे आणि आपल्या गाडीवर फक्त रविवारी हक्क सांगायचे. ताईला तिचं हे फिरणं जिवापाड आवडतं. कुठल्या म्हाताऱ्याला सुईची भीती वाटते आणि कुठल्या घरात कुत्रं आधी हुंगतं, हे सगळं तिला पाठ आहे.

मार्च महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. मी गाडीखाली होते, फोन खांद्यात धरला होता.

"छोटे, अगं गाडी मधेच बंद पडतेय. सकाळी काही नसतं. चार-पाच घरं झाली, इंजिन चांगलं तापलं, की चौकात उभी असतानाच मरते. धक्का नाही, आवाज नाही, एकदम गप्प. मग कितीही किल्ली फिरव, नाही. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते."

"आण शनिवारी, मशीन लावून बघते," मी म्हटलं आणि सटकलेला बोल्ट शोधायला लागले.

शनिवारी गाडी भाऊजींनी आणली. ताईची ड्यूटी होती. मी स्कॅनर लावला. एकही बिघाड नाही, पाटी कोरी. भाऊजी माझ्या खांद्यावरून डोकावत होते.

"बघ," ते म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. मी तिला सांगतोय, तुझा क्लच लवकर सुटतो. पण तुझी बहीण ऐकेल तर शपथ."

स्क्रीनच्या तळाशी एक ओळ होती. गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असते त्या अपूर्ण, असं सांगणारी. बॅटरी नुकतीच काढली असली की ती ओळ येते. मी ती वाचली आणि बोटाने वर सरकवली. दारातून उस्तादांनी विचारलं, "चालवतं कोण? तिला विचारलंस का?" मी हाताने हो-हो केलं, कार्ड भरलं आणि पुढच्या गाडीकडे वळले.

गाडी पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडली. पुलाच्या चढावर, मागे बस, बसमधल्या चाळीस लोकांच्या शिव्या आणि ताईच्या मांडीवर बर्फात ठेवलेल्या इंजेक्शनचा डबा. गाडी पुन्हा माझ्याकडे आली, भाऊजीच घेऊन आले, पाटी पुन्हा कोरी. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी स्वतः ती तासभर चालवली, तर माझ्या हाताखाली ती शहाण्या मुलीसारखी चालली. सकाळची थंड वेळ होती, हे मात्र मी लक्षात घेतलं नाही. संध्याकाळी ताईला फोन करून म्हटलं, "ताई, राग मानू नकोस, पण क्लच जरा सांभाळून सोडत जा ना."

ती म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते. सव्वीस वर्षं गाडी चालवणारी माझी बहीण दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि विचारलं, "तुम्ही इथे नक्की कशासाठी आलात?" हे तिने घरी सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "त्यांच्या गाडीत जमतं गं. आपली गाडी पॉवरफुल आहे, ती झेपत नाही तुला."

मग ऑफिसचं पत्र आलं. उशिरा पोचल्याच्या तीन तक्रारी झाल्या आहेत, चौथी आली तर घरभेटी बंद आणि कायमची बदली नोंदणीच्या खिडकीवर. गाडीत दोष असल्यास गॅरेजचे कागद जोडून महिनाअखेरपर्यंत कळवावे. ताईने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि गाडीची किल्ली टीव्हीशेजारच्या वाडग्यात टाकली. "मला नाही जमत बहुतेक," ती मला म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिला गॅरेजची जुनी खटारा गाडी दिली, तिचं दार आतून दोरीने बांधावं लागतं. ती खटारा ताईच्या हातात एकदाही बंद पडली नाही, पण याचा अर्थ काय, हे कुणी विचारायच्या मनःस्थितीत नव्हतं. भाऊजींना मात्र ऑफिसला जायला स्वतःची गाडी मिळाली, त्यामुळे ते खुशीत होते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवणाआधी भाऊजी म्हणाले, "चल मेहुणीबाई, आज तुला प्रात्यक्षिकच दाखवतो. तू यातली, तुझा विश्वास बसायला पाहिजे."

गोदामांमागे एक सरळ, रिकामा रस्ता आहे. तिथे भाऊजींनी रीसेटच्या आधी एक धाव घेतली. एसी चालू, खिडक्या उघड्या, आणि मी हातात मोबाइलचं स्टॉपवॉच धरून. शून्यापासून साठपर्यंत आठ सेकंद. मग तिथेच बॅटरी काढली, चिंधी बांधली, अर्धा तास आम्ही दोघं उन्हात उभे. मग दुसरी धाव. या वेळी एसी बंद, खिडक्या बंद, आणि पाय असा काही दाबलेला की गाडीच्या तळाला भोक पडतं की काय. सात सेकंद.

"काय?" भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कारखाना त्यांचाच.

"भाऊजी, पहिल्या वेळी एसी चालू होता."

"त्याचा काय संबंध?"

"तुमच्या समोर एखाद्याने एका वेळी टोपलीसकट कांदे तोलले आणि दुसऱ्या वेळी बिनटोपलीचे, तर?"

"तर आत टाकीन त्याला," ते म्हणाले. "पण हे वेगळं आहे. हे बसलं की कळतं."

परत येताना ते खूश होते, आणि खूश असले की त्यांना बोलायला लागतं. म्हणाले, "तुझ्याकडे आणायच्या आधीसुद्धा मी दर वेळी न चुकता रीसेट करूनच आणलीय हां. तशी नाही आणली कधी. माणूस डॉक्टरकडे जाताना आंघोळ करून जातो ना, तसं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही त्यांनी काय सांगितलं. मग कळलं, आणि मी सीटचा पट्टा घट्ट धरला. कॉम्प्युटर जिथे ती टिपणं ठेवतो, तिथेच तो बिघाडांच्या नोंदीही ठेवतो. गाडीत क्षणभर जरी काही चुकलं तरी तो लिहून ठेवतो, काय चुकलं, कधी, इंजिन तेव्हा किती तापलेलं होतं. माझं पोट त्या नोंदींवर चालतं. आणि हा सद्गृहस्थ तीन वेळा माझ्याकडे रोगी घेऊन येण्याआधी त्याची जीभ स्वच्छ धुऊन काढत होता.

मी त्यांना तिथेच स्पष्ट सांगितलं. ते मनापासून हसले. "म्हणजे बिघाड होता आणि मी पुसला? अगं, पुसून गेला म्हणजे बिघाडच गेला की! मग ती पुन्हा बंद कशी पडते? चालवणाऱ्यामुळे." हा युक्तिवाद करताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की वाद घालणं म्हणजे भिंतीला शिकवणी देणं झालं असतं.

म्हणून मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांना गॅरेजवर बोलावलं, स्कॅनर लावला, पाच मिनिटं गंभीर चेहऱ्याने रिकामी बटणं दाबली आणि सांगितलं, "भाऊजी, तुमच्यासाठी खास मास्टर रीसेट केलाय. घरगुती रीसेटच्या दसपट. पण पंधरा दिवस बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर सगळी पॉवर उतरेल." आणि हे पुरणार नाही हे माहीत असल्यामुळे बॅटरीच्या टोकांवर कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर गॅरेजचा शिक्का मारला, तारीख घातली आणि सही केली.

सील बघताच भाऊजींची पाठ ताठ झाली. दुसरी कुठलीही शपथ त्यांनी मोडली असती. सील म्हटल्यावर विषय संपला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "काय केलंयस गं? गाडी नुसती उडतेय!" आठव्या दिवशी फोन. "आमच्या साहेबांना बसवलं, ते म्हणाले, हे इंजिन बदललंय का?" बाराव्या दिवशी त्यांनी त्या उलट्या टोपीवाल्याच्या व्हिडिओखाली लिहिलं, की व्यावसायिक मास्टर रीसेटपुढे घरचा रीसेट म्हणजे पोरखेळ आहे, आणि हे मी स्वतः वजनमापे खात्याचा अधिकारी या नात्याने सांगत आहे. मी गाडीला काहीही केलेलं नव्हतं. त्या गाडीत त्या पंधरा दिवसांत बदललेली एकच गोष्ट म्हणजे घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं.

सोळाव्या दिवशी मी दोघांनाही बोलावलं. महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते. ताई गणवेशातच आली, खटारा गाडीची दोरी सोडवून. भाऊजींनी आधी बॉनेट उघडून मला सील दाखवलं, अगदी ज्या अभिमानाने दुकानदार त्यांना दाखवतात तसं. पट्टीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

मी स्कॅनर लावला. या वेळी पाटी कोरी नव्हती.

"क्रँक सेन्सर," मी म्हटलं. "इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला सांगणारा डोळा. तापला की आंधळा होतो. मग कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोल बंद करतो. थंड झाला की पुन्हा दिसायला लागतं. या पंधरा दिवसांत सात वेळा झालंय. सातही वेळा इंजिन तापलेलं, गाडी उभी."

"सात?" ताई म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

भाऊजींनी बॉनेटच्या कडेवरची नसलेली धूळ पुसली. "ते काय बंद पडणं म्हणायचं? मीच बंद केली असेल. सिग्नलला पेट्रोल वाचवतो मी."

"किल्लीने बंद केलेल्या गाडीची अशी नोंद होत नाही, भाऊजी."

"मग पेट्रोल खराब असेल."

"सात वेळा?"

"एकाच पंपावर भरतो मी."

"तुम्ही काय केलंत मग, बंद पडल्यावर?" ताईने विचारलं. आवाज अगदी मऊ, रुग्णाला कुठे दुखतं विचारावं तसा.

"थांबलो. पंधरा मिनिटं." मग सीलकडे बघत म्हणाले, "एकदा सव्वातास."

म्हणजे हा माणूस पंधरा दिवसांत सात वेळा भर चौकात, मागे हॉर्नचा गदारोळ, बंद पडलेल्या गाडीत बसून राहिला होता, आणि तिथेच बसल्या बसल्या मला फोन करून गाडी उडतेय म्हणून सांगत होता. मला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "तुमचा क्लच लवकर सुटत असेल." बस, एवढंच.

सेन्सर बदलायला पस्तीस मिनिटं लागली. मग मी गाडी अर्धा तास उभ्या उभ्या तापवली, नंतर ताईला चालवायला दिली आणि बाजारातून, पुलावरून, सगळे चौक घेत तासभर फिरवली. एकदाही बंद पडली नाही. परत आलो तर भाऊजी उस्तादांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या बहिऱ्या कानात काहीतरी समजावत होते. आम्हाला बघून उठले आणि म्हणाले, "झाली ना? मी सुरुवातीपासून सांगत होतो, गाडीतच काहीतरी आहे."

खरं सांगते, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. यांच्या डोक्याची बॅटरी कोण काढतं आणि कधी, हे मला आजवर कळलेलं नाही. आता मात्र ताईला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मीही. भाऊजीही हसले, कारण आपण काहीतरी चांगलं बोललो असं त्यांना वाटलं. मग ते गाडीचा आवाज डोळे मिटून ऐकायला बाहेर गेले.

"तुझ्या ऑफिसला मी पत्र देते," मी ताईला म्हटलं. मी भलतीच खुशीत होते. "गॅरेजच्या लेटरहेडवर. दोष गाडीचा होता, चालकाचा नव्हता, सही, शिक्का. बघू कोण खिडकीवर बसवतंय तुला."

"त्यांना गॅरेजचे जुने कागदही लागतील," ताई म्हणाली. "आधी तीनदा आणली होती ना गाडी? त्याची कार्डं जोड."

मी म्हटलं, कार्डांची काही गरज नाही, पत्र पुरेल. ती म्हणाली, पत्रात लिहिलंय, कागद जोडावेत. मी म्हटलं, शोधावी लागतील. तेवढ्यात उस्ताद, ज्यांना हॉर्न ऐकू येत नाही, ते उठले, कपाटातून फाइल काढली आणि ताईच्या हातात दिली.

ताईने पहिलं कार्ड काढलं आणि वाचलं. ती नर्स आहे, तिला दुसऱ्याने लिहिलेला कागद मोठ्याने आणि स्पष्ट वाचायची सवय आहे.

"चालकाची तक्रार," तिने वाचलं. "चालक महिला आहेत. क्लच लवकर सोडतात. गाडीत दोष नाही."

अक्षर माझं होतं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

तिने दुसरं कार्ड काढलं. "चालकाची तक्रार. वरीलप्रमाणे." मग तिसरं. "वरीलप्रमाणे."

बाहेर भाऊजी किल्ली फिरवून इंजिन घुमवत होते. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण ते जमेना. त्यांनी नुसतं पुसलं होतं, आणि काय पुसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पहिला रकाना कशासाठी असतो हे माहीत होतं, ती तळातली ओळ कधी येते हे माहीत होतं, आणि जी मला बघून 'मेकॅनिक कुठे गेलाय' असं आयुष्यात एकदाही विचारणार नाही, तिच्याच रकान्यात मी 'चालक महिला आहेत' असं लिहिलं होतं.

"ताई, चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

मी कोरं कार्ड घेतलं. "सांग. तुझ्या शब्दांत लिहिते. काय होत होतं नेमकं?"

"सांगितलं होतं की फोनवर."

मी लिहायला सुरुवात केली. सकाळी काही नसतं. चार-पाच घरं झाली, इंजिन चांगलं तापलं, की चौकात उभी असतानाच मरते. धक्का नाही, आवाज नाही, एकदम गप्प. पंधरा मिनिटं थांबलं की सुरू होते. एक शब्द विचारावा लागला नाही, सगळं आठवत होतं. म्हणजे त्या दिवशी गाडीखाली, फोन खांद्यात धरून, मी सगळं ऐकलेलं होतं. हे ऐकून उस्तादांनी स्टुलावरून न उठता क्रँक सेन्सर सांगितला असता, मशीन न लावता.

ताई माझ्या शेजारी उभी राहून वाचत होती. रकाना भरला. खाली तारखेची जागा होती आणि माझं पेन तिथे अडलं. मला मार्चमधली, तिच्या फोनची तारीख आठवत होती.

"आजची टाक," ताई म्हणाली आणि गाडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. "त्या दिवशी तू काही लिहून घेतलं नव्हतंस."